बाजूक घे

बाबांनी लालबाग-परळात जन्मभर टॅक्सी चालवली. काळी-पिवळी, आणि भर उन्हात सिग्नलला हमखास तापणारी. तापली की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, जरा दम खाऊ द्यायचा आणि मग रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. इंजिनाबद्दलचं आमच्या घरातलं सगळं शास्त्र एवढंच.

मला पायलटचं लायसन्स मिळालं आणि बाबांना वर न्यायचं ठरलं, तेव्हा घाटावरच्या त्या छोट्या धावपट्टीवर ते पाण्याचा कॅन घेऊनच हजर. ऐन मे महिना. आमच्या फ्लाइंग क्लबच्या दोन सीटच्या विमानाला त्यांनी फेरी मारली आणि विचारलं, पाणी कुठे घालतात? म्हटलं, बाबा, याला रेडिएटरच नाही. नाकाशी दोन भोकं आहेत, त्यातून वारा आत येतो, तोच थंड करतो. मी थट्टा करतेय असं वाटून ते नुसते हसले. कॅन मी क्लबच्या ऑफिसात ठेवायला लावला, वजन नको म्हणून.

आईने निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांना रात्रभर झोप नाही. पोरीवर विश्वास आहे म्हणून येतायत, नाहीतर कोण बसतंय त्या खेळण्यात! ते घाबरून उतरले असते तर पुन्हा कधीच बसले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात हवा पातळ होते, विमान कुंथत कुंथत चढतं. नाक वर, वेग कमी, म्हणून इंजिनाला वाराही कमी. ऑइल किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. मी बघितलं, आणि माझ्याआधी बाबांनी बघितलेलं.

"बाजूक घे गो," ते म्हणाले. आणि सवयीने त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बाबा, हंय बाजूच नाय. हात काढा."

त्यांनी काढला. मी नाक खाली केलं. खाली खडकाळ माळ, आणि जीव ओरडत असतो की वर चल, वर चल! काचेतून जमीन पुढे आली, वेग वाढला, वारा घोंघावत आत शिरला. काटा थबकला. मग हळूहळू मागे फिरला. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, तरी अंगावर शहारा आला. ज्या हवेने आम्हाला उचलून धरलं होतं, तीच इंजिनाला निववत होती. पाण्याचा एक थेंब नाही, बाजू नाही, थांबणं नाही. केवढं अजब आहे हे सगळं!

बाबा कितीतरी वेळ त्या काट्याकडेच बघत होते. जन्मभर मागच्या सीटवरच्या माणसांनी खिडकीबाहेर बघितलं, यांनी रस्ता आणि काटा.

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"आता तू बघ," म्हणाले. "मी भायर बघतंय."