नऊ माळांची कुमारिका

कल्याणात मला सगळे ‘कराचीची’ म्हणत. माझं माहेर खरंच कराचीचं. वडील तिथल्या बंदरात नोकरीला होते, आमच्यासारखी पुष्कळ मराठी घरं तिथे होती, आणि मराठीच्या जोडीने सिंधी मी अंगणातच शिकले. लग्न होऊन पारनाक्याजवळच्या सासरी आले, तेव्हा ही भाषा म्हणजे माझ्या अंगावरचा डागच, असं सासूबाईंचं मत होतं. मग फाळणी झाली. माहेरची माणसं सगळं तिथेच टाकून पुण्याला आली, आणि कल्याणशेजारच्या ओसाड लष्करी बराकी निर्वासितांनी भरल्या. कॅम्पात कपडे वाटणाऱ्या बायकांना दुभाषी हवी होती. मी जाऊ लागले. घरात परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती.

ती मुलगी मात्र मला कॅम्पात भेटली नाही. ती आमच्याच मागच्या दाराने आली. सासूबाईंना भांड्यांना कुणीतरी हवं होतं, आणि कॅम्पातला एक माणूस घरकामाला मुलं मिळवून देतो असं त्यांच्या कानावर आलं होतं. पांढरे स्वच्छ कपडे, जोडलेले हात, गोड जीभ. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने सांगितलं, “माझी भाची आहे. आईबाप गेले. तुमच्या घरात दोन घास मिळाले तर पोरीचं भलं होईल.”

“मुलीसारखी ठेवू हो,” सासूबाई म्हणाल्या.

हे ‘मुलीसारखी’ तेव्हा आमच्या गावात फार चालायचं. आमच्या घरच्या मुली त्या वयात दोन वेण्या घालून शाळेत जात. ही दहा वर्षांची पोर उजाडल्यापासून मागच्या अंगणात राखेने पितळी घासत बसायची. बोलायची नाही. सासूबाईंना वाटलं, मुकी असेल. आणि मुकी असल्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही.

एके दुपारी विहिरीपाशी मी तिला सिंधीत विचारलं, “भूक लागलीय का?”

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. बाप आदल्या वर्षीच तापाने गेला होता. अम्माला बाळ होणार होतं, म्हणून तिला कराचीच्या बायकांच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ही बंदरावर ओळखीच्या लोकांत थांबली होती. तिथे हा माणूस आला, म्हणाला, तुझी अम्मा मेली, माझ्याबरोबर बोटीत चल.

“पण तो तुझा मामाच ना?”

“बोटीवर चढताना म्हणाला, मला मामा म्हणायचं.”

माझ्या अंगाची आग आग झाली. मामाचं सोंग घेऊन नुसत्या तोंडाने आईला मारणारा हा कोण? आणि खरंच ती मेली असेल, तर कुणी पाहिलं?

कराचीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना आम्ही आपा म्हणायचो. माझ्या दोन्ही भावंडांच्या जन्माला आईजवळ बसलेली हीच. मी तिला पत्र लिहायला घेतलं, तर आमच्या ह्यांचा चेहरा पडला.

“अगं, पाकिस्तानात पत्र? आत्ता? लोक काय म्हणतील? पोलिसांना कळलं तर?”

“पोलिसांना कळलं तर फारच छान. त्यांनाही हाच पत्ता द्या, आणि म्हणावं, मुलीची आई शोधा.”

पण पाकीट पोस्टात टाकायला ते स्वतःच गेले, हेही लिहायला हवं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. मी मुद्दाम मोठ्याने बोलायची.

आपाचं उत्तर यायच्या आतच तो पांढऱ्या कपड्यातला परत आला. सर्वपित्री अमावस्या होती. म्हणाला, दूरच्या एका संस्थानात मोठं घर मिळालंय, पोरीला तिकडे पाठवायचं ठरलं, दोन दिवसांत न्यायला येतो. सासूबाई चिडल्या, पण त्या कामवाली जाते म्हणून.

“तिथे काम काय करायचं?” मी विचारलं.

तो हसला. “काम कसलं? नशीब काढेल पोरगी.”

त्या हसण्याचा अर्थ समजायला मला कुणाची शिकवणी नको होती. पण करायचं काय? माझ्या हातात कागदाचा कपटा नव्हता. तिला लपवावं म्हटलं तर कल्याणात भिंतींनाही नातेवाईक होते.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. आमच्याकडे नवरात्रात नऊही दिवस एकच कुमारिका जेवायला असे. रोज तिला पाटावर बसवून तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, गजरा माळायचा, पहिलं पान तिचं. घट उठेपर्यंत ती बदलायची नाही, तिला उपाशी दाराबाहेर पाठवायचं नाही. सासूबाई यात तसूभर इकडेतिकडे होऊ देत नसत. त्या वर्षी ठरलेली मुलगी शेजारची होती, आणि ऐन सकाळी तिला गोवर निघाला. माळ तयार, गुरुजी पाटावर, आळीतल्या बायका जमलेल्या आणि कुमारिका नाही. सासूबाई रडकुंडीला आल्या.

मी अंगणात गेले, पोरीच्या हातातली राख धुतली, तिला माझ्या लहानपणीचं परकर-पोलकं चढवलं, ते ढगळ झालं तरी तसंच खोचलं, आणि सगळ्यांसमोर आणून उभी केली.

“ही आहे की.”

सासूबाईंचे डोळे मोठे झाले. “अगं, हिची जात कुठली, गोत कुठलं...”

“गुरुजी, कुमारिकेचं वय बघतात ना?” मी विचारलं.

गुरुजींना अजून दहा घरं घ्यायची होती. “चालेल, चालेल. बसवा पाटावर. मुहूर्त टळतोय.”

आणि सासूबाईंनी तिचे पाय धुतले. नाइलाजाने, ओठ घट्ट मिटून, पण धुतले. दुपारी सवयीने त्या म्हणाल्या, “हिला म्हणावं भांडी...” मी ताडकन विचारलं, “कुमारिकेकडून खरकटं काढून घेणार, सासूबाई?” त्या पदर खोचून स्वतः घासायला बसल्या.

तो माणूस ठरल्याप्रमाणे आला तेव्हा मला दारात जावंही लागलं नाही. सासूबाईच कडाडल्या, “घट बसलेत आमच्याकडे! दसऱ्याच्या आत या पोरीला हात लावायचा नाही.” तो गोड हसून गेला. दसरा काही लांब नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

ते दिवस मी पोस्टमनच्या वाटेवर काढले. घरात मात्र काहीतरी बदलत होतं. आळीतल्या बायका रोज हिची ओटी भरायला येत. पोरगी आरतीला टाळ्या वाजवायला लागली. एकदा सासूबाई तिची वेणी घालताना मला म्हणाल्या, “खारट हवं असलं की काय म्हणतात गं हिच्या भाषेत? पोर आमटी नुसती चिवडते.” ज्या भाषेवरून मला टोमणे बसले, त्याच भाषेतला शब्द त्या माझ्याकडे मागत होत्या. मी दिला, पण थोडा वेळ काढून. इतकी का मी संत आहे?

दसरा झाला, घट उठले, कराचीहून काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तो कॅम्पातल्या एका कारकुनाला घेऊनच आला. कारकून म्हणाला, हा नातेवाईक आहे, मुलीवर त्याचा हक्क आहे, तुम्ही अडवणाऱ्या कोण?

“कुणीही नाही,” मी म्हटलं. “पण देणार नाही. सख्खा मामा आहे ना? मग बहिणीचं नाव सांगू दे.”

त्याने एक नाव सांगितलं. आतून पोरगी ओरडली, “खोटं! माझ्या अम्माचं नाव हे नाही!” मी ते मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा मराठीत.

“लहान मुलं काहीही बोलतात,” कारकून पुटपुटला.

तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर आल्या. “मी लहान नाही. नऊ दिवस या पोरीचे पाय धुतलेत मी. कागद दाखवायचा तर पोलिसचौकीत दाखवा. चला, मीही येते तुमच्याबरोबर.” समोरच्या, बाजूच्या, ओटी भरून गेलेल्या सगळ्या बायका आपापल्या ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. चौकीचं नाव निघताच कारकुनाला दुसरं काम आठवलं. तो गेला, आणि पांढरे कपडे त्याच्या मागोमाग. तो माणूस पुन्हा कल्याणात दिसला नाही.

आपाची तार त्यानंतर आली. आई जिवंत, बाळ गेलं, मुलगी कुणालाही देऊ नका. तिकडे आपाने दवाखाना पालथा घातला होता. बरी झालेली ती बाई मुलीला शोधत बंदरावरच बसून असायची, तिथून तिला आपाने आपल्या घरी नेलं होतं. नंतर इकडे यायच्या परमिटच्या रांगेत आपा स्वतः तिच्यासोबत उभी राहिली, आणि आपाच्या नवऱ्याने बोटीवर जागा मिळवून दिली. तेही शेजाऱ्यांची बोलणी खाऊनच. दोन सरकारांना जे जमत नव्हतं ते एका भिंतीच्या शेजाराने केलं, आणि हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते. ज्याला झोंबेल त्याला झोंबो.

दिवाळीच्या आधी आई आली. मुलगी तिला बिलगली ती सुटेचना. बराच वेळ दोघी ओटीवर तशाच बसल्या. मग त्या बाईने मुलीचे हात हातात घेतले, उलटे केले आणि तळव्यांवरून बोट फिरवलं. राखेने पडलेल्या भेगा अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. मग तिने वर पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, “माझ्याच घरची भांडी. सांग तिला.”

मी सांगितलं. वाटलं, बाई म्हणेल, असू दे, तुम्ही माझी मुलगी वाचवलीत. ती तसं म्हणाली नाही. कशाला म्हणावं? ती म्हणाली, “बंदरावर लोक सांगत होते, त्याने आणखी मुलं बोटीत घातली. ती कुणाच्या घरी भांडी घासतात?”

मी हे मराठीत केलं. त्या माणसाचं नाव सासूबाईंच्या कानावर कुणी घातलं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या उठल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला, पायात वहाणा सरकवल्या.

“चला,” म्हणाल्या, “घरं मला ठाऊक आहेत.”

आम्ही तिघी निघालो. पहिली कडी वाजवली ती सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या दाराची.