पांढऱ्या फुलाखालचे निरोप

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, ती खरंच तुझ्या गावची होती? तू तिला ओळखायचीस?" तुमच्या तिकडच्या मराठी मंडळात सगळे तिच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले, मग तिचं हळदीचं गाणं लावलं आणि काही बायका रडल्या, हेही सांगितलंत. मी "हो, ओळखायचे" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. जे सांगायचं होतं ते फोनवर जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. सावकाश वाचा.

ती माझी विद्यार्थिनी. कामरगावच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिला इंग्रजी शिकवलं. शाळेच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्तीत तिचं घर, आणि दोन एकर शेत. वडील लवकर गेले. आई शेतात राबणारी, सही करण्यापुरती अक्षरं येणारी. नऊ वर्षांची असताना जयंतीच्या कार्यक्रमात माईकपर्यंत तोंड पोहोचावं म्हणून तिला खोक्यावर उभं केलं होतं. ती गायला लागली आणि मागे गप्पा मारणारे पुरुष गप्प झाले, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिची गाणी फोनवरून घराघरांत गेली, मग मोठी शहरं, मोठे मंच. तिशी नुकतीच ओलांडली होती. कावीळ झाली, आणि कार्यक्रम आधीच घेऊन ठेवलेले म्हणून तिने ती अंगावर काढली. नागपूरच्या दवाखान्यात पाच दिवस होती. सहाव्या दिवशी सकाळी बातमी आली.

त्या वेळी मी कारंज्याला जायला म्हणून जीपच्या थांब्यावर उभी होते. तिथल्या चारही जीपांमध्ये तिचीच गाणी लागली होती, चारही वेगवेगळी. एक ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. मागच्या सीटवरून एका म्हातारीने त्याला विचारलं, "तुही कोन लागत होती रे ते?"

"कोनी नाही."

"मंग?"

"माह्या लग्नात हळदीले तिचंच गानं होतं ना, आजी."

"माह्या लग्नात बँडवाला होता. तो मेला तवा म्या नाही रडली," म्हातारी म्हणाली. मग तिनेच पदराने डोळे पुसले आणि "लय कोवळी होती बाप्पा" असं म्हणत राहिली. जीप निघालीच नाही. मी घरी परतले.

दुपारी तिला गावात आणलं. रस्त्यावर इतकी माणसं होती की गाडीपासून घराच्या दारापर्यंत तिच्या आईसाठीसुद्धा लोकांना सरकवून वाट करावी लागली. लोक हात वर करून फोन धरून उभे होते. त्यांतल्या कितीतरी जणांचे डोळे खरोखर लाल होते. डोळे लाल आणि फोन स्थिर. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. करायला दुसरं काहीच नसलं की माणूस हाताला जे सापडेल ते वर धरतो.

मग दिवसेंदिवस माणसं येत राहिली. थांब्यावर पाच फलक लागले. एका फलकावर तिच्या फोटोपेक्षा हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते. दुसरा घाईत वाढदिवसाच्या फलकावरून बनवलेला. "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या वरच्या कोपऱ्यात रंगीत फुगे तसेच राहिले होते. मी छपाईवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, रातभर जागून राह्यलो आमी. कोनाचं ध्यान जाते फुग्याकडे?" त्याचं बरोबर होतं. माझ्याशिवाय कोणाचंच गेलं नव्हतं.

घरी येणाऱ्यांतले काही तिच्या आईला म्हणायचे, "मावशी, दोन शब्द बोला. इकडं पाहून बोला." ती त्यांच्या फोनकडे पाहायची आणि म्हणायची, "काय बोलू बाप्पा? जेवून जा." रिठदहून एक बाई दोन गाड्या बदलून आली. बरोबर पावशेर चहापत्ती आणि साखर. ती गायिकेला कधीच भेटली नव्हती. तिचं तान्हं लेकरू गेलं होतं तेव्हा रोज ती तिचं एक अंगाईगीत ऐकायची, एवढाच संबंध. ती उंबऱ्यातच बसून हंबरडा फोडून रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवत होती ती मेलेल्या पोरीची आई. त्या दिवसांत आलेल्यांची समजूत घालण्याचं काम तिच्याकडेच होतं.

आणि प्रत्येक जण जाताना तिचा नंबर घेऊन जायचा. मग त्या नंबरवर गाणी पाठवायचा. तिच्या पोरीचीच गाणी, फुलं लावलेली, मेणबत्त्या लावलेली, तिचा फोटो आकाशात ढगांवर बसवलेला. शेकड्यांनी. तो साधा जुना फोन होता, पोरीने घेऊन दिलेला. आठव्या दिवशी तो अडकला.

दुपारी ती माझ्याकडे आली. मी तिला चटईवर बसू देत नाही, खुर्चीवर बसवते, म्हणून ती खुर्चीच्या कडेला बसली.

"बाई, फोन उघडूनच नाही राह्यला. भरला म्हनते दुकानवाला. लोकायनं पाठवलं ते सारं काहाडून टाका ना. मले पाह्यवत नाही, अन् फेकवतही नाही."

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही हसता त्याला. माझ्या कपाटात उन्हाळी आणि हिवाळी कपड्यांचे कप्पे वेगळे, आणि माझ्या फोनमध्ये ऐकून झालेला निरोप संध्याकाळपर्यंत राहत नाही. मला वाटलं, या बाईसाठी मला करता येण्यासारखं अखेर काहीतरी निघालं. आठ दिवस मी तिच्याजवळ नुसती बसत होते. आता माझ्या हाताला काम होतं. ती तिकडे माझ्या मांडवावरचा वाळका वेल काढायला लागली आणि मी फोन घेऊन टेबलाशी बसले.

एकामागून एक मी पुसत गेले. अनोळखी नंबर, मंडळांचे गट, मेणबत्त्या, ढग. एका ठिकाणी नाव नव्हतंच. नावाच्या जागी नुसतं एक पांढरं फूल. आत लिहिलेलं काही नाही, फक्त आवाजाचे निरोप, खालपर्यंत लांबच लांब रांग. अशी फुलंवाली माणसं मी तासाभरात पन्नास तरी पाहिली होती. कोणीतरी रोज एक गाणं पाठवतं आहे असं मी धरलं. तारखा पाहिल्या असत्या तर कळलं असतं. एक तरी लावून ऐकला असता तर कळलं असतं. मी सगळे एकदम निवडले आणि पुसले. फोन मोकळा झाला, चटचट उघडायला लागला. मी तो तिच्या हातात दिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ती दारात.

"बाई, फूल कुठं गेलं?"

मला कळेना. मग तिने फोन माझ्यापुढे धरला आणि समजावून सांगितलं, मी जसं वर्गात मुलांना समजवायचे तसं. तिला नावं वाचता येत नाहीत. म्हणून पोरीने प्रत्येकाच्या नावाच्या जागी चित्र लावून दिलं होतं. म्हैस म्हणजे दूधवाला. बस म्हणजे तिचा भाऊ, तो बसवर कंडक्टर आहे. चष्मा म्हणजे मी. आणि पांढरं फूल म्हणजे पोरगी.

"रोज पाठवे बाई ते. गानं नाही. बोलनं. म्या जुने आयकत होती रातच्याले. तुमी हुडकून द्या, असनच कुठी."

मी तिला खरं सांगितलं. सांगायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही. ती ऐकत होती. तिला 'पुसलं' हा शब्द कळला, पण पुसलेलं परत येत नाही हे कळायला वेळ लागला. पाटीवरचं पुसलं तर पुन्हा लिहिता येतं ना, असा तिचा चेहरा होता. मग म्हणाली, "तुमी मुद्दाम थोडीच केलं." आणि चहा न घेता गेली.

त्यानंतर मला जे जे सुचलं ते मी केलं. फोन घेऊन कारंज्याच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन होता. त्याने अर्धा तास खटपट केली आणि म्हणाला, "मॅडम, यात जागाच नव्हती, त्याच्यामुळं दुसरीकडं कुठी साठवलंच गेलं नाही." निघताना त्याने विचारलं, "तिची गाणी टाकून देऊ का? सारी हायेत माह्याजवळ."

मग मला वाटलं, पाठवलेले निरोप पाठवणारीच्या फोनमध्ये असतीलच. दवाखान्यातून आलेल्या पिशवीत तिचा फोन होता. तो आम्ही चार्ज केला. पडदा उजळला आणि त्यावर बोटाच्या ठशाचं चिन्ह आलं. तिची आई त्या चिन्हाकडे बघत राहिली. तिने आपलं बोट त्यावर ठेवून पाहिलं. मग दुसरं बोट, मग दुसऱ्या हाताचं. दहाही बोटं झाल्यावर तिने हात पदराखाली घेतला. आकड्यांचा कुलूपशब्द कोणालाच माहीत नव्हता. मामाने तिची जन्मतारीख घातली, वडील गेले ती तारीख घातली, जयंतीची तारीख घातली. फोन बंद झाला तो झालाच.

शेवटी मी तिच्या मुलाखती शोधून काढल्या. त्यांत ती बोलते, गात नाही. मला वाटलं, अगदी तेच नसलं तरी जवळचं काही मिळेल. एका दुपारी तिला बोलावलं आणि एक लावली. मंचावर ती खुर्चीत बसली आहे, नीट, ताठ. "नमस्कार. मला लहानपणापासून गाण्याची आवड होती," असं सावकाश, स्वच्छ बोलते आहे. मुलांनो, ते बोलणं माझं होतं. वर्गात ती 'मले' म्हणाली की मी थांबवायचे आणि 'मला' म्हणवून घ्यायचे. सहा वर्षं मी ते केलं. मोठ्या गावात कोणी हसू नये म्हणून केलं, आणि मुलाखतीत तिला कोणी हसलंही नाही.

तिच्या आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हे तुमच्या वर्गातली हाय, बाई. माही अशी नाही बोले."

"तुझी कशी बोलायची?"

ती जराशी हसली. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा. "माही बोले, माय, जेवली का वं? का शेजारनीले वाढून सोताच उपाशी बसली? गोठ्यातला बल्ब लावला का? अंधारात गेली अन् पडली तर म्या गानं सोडून येईन पाह्य, तुलेच बोलनी खा लागन लोकायची."

मी वही काढली. पुढच्या पानावर आकडा घातला, एक, आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिलं. 'मले' तिथे मले, 'म्या' तिथे म्या. लाल पेन मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आहे.

आता महिना झाला. फलक उतरले आहेत. फुग्यांवाला तेवढा राहिला आहे, त्याची एक दोरी तुटून तो वाऱ्याने आपटत असतो. जीपांमध्ये दुसरी गाणी लागतात, मधूनमधून तिचंही लागतं आणि लोक थोडे गप्प होतात. तिची आई एक दिवसाआड दुपारी येते. तूर खुडून झाली की, हातपाय धुऊन. आठवेल तेवढं सांगते. कधी एका बैठकीत तीन निरोप, कधी एकही नाही. "इथं लय थंडी हाय, माय, हाटेलवाल्यानं पातय चादर देल्ली" हा सत्ताविसावा. "आज गळा बसला, तुही आठोन आली, तू सुंठ कुटून देत होती ना" हा एकतिसावा. काही ती दोनदा सांगते, थोडे बदलून. मी दोन्ही लिहिते. कुठलं खरं होतं हे ठरवायला आता काही साधन नाही, आणि ते साधन मीच नाहीसं केलं.

परवा ती म्हणाली, "वाचून दावा ना एकडाव. पहिल्यापासून."

मी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. शक्य तितकं तसंच वाचायचा प्रयत्न केला, हेल काढून, 'माय' लांबवून. चाळीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचलं आहे मी. पण माझ्या तोंडून ते धड्यासारखंच येत होतं. मला ऐकू येत होतं ते. ती डोळे मिटून, मान जरा तिरकी करून बसली होती, फोन कानाशी धरल्यावर बसायची तशी. मी चौथ्या निरोपापर्यंत पोहोचले तेव्हा तिने डोळे उघडले होते. तरी तिने मला थांबवलं नाही. एकतिसाव्यापर्यंत सगळं ऐकलं.

मग उठली, पदर नीट केला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दारातून म्हणाली, "तुमी चांगलं वाचता, बाई."