रोझमेरीची राखण

चार रिकामी माणसं एका कॉलनीत राहिली की किस्से शोधावे लागत नाहीत. मी असोदा सोडून मुलाकडे दीपनगरला आलो आणि एका कुंडीपायी इतके किस्से झाले, की लोक अजून रस्त्यात थांबवतात.

झाड आणलं मुलीने. जावई फौजेत, तिकडे निलगिरीला. दिवाळीला आली ती डब्यात वीतभर रोप घेऊन. "आबा, ही रोझमेरी, वासाचं झुडूप. माती वाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. मे महिन्यात येईन, तोवर जगवा. पण तुम्ही पडले केळीवाले, रोज पाणी सोडणारे, तुम्हाला जमायचं नाही!"

जन्म केळीत गेला माझा. मला ऐकवते!

बायको म्हणाली, "खायचं नाही, पूजायचं नाही. उठाठेव कशाला?"

*

मागच्या अंगणात मोठी कुंडी मांडली. आपली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून निम्मी तापीची वाळू कालवली. बुटक्या भिंतीपलीकडून नाना बघत होते. नाना शिरपूरकडचे, रिटायर्ड.

"आबा, झाड लाई ऱ्हायनात का खोली बांधी ऱ्हायनात? सिमेंट देऊ का?"

"द्या. तुमच्या तोंडाला लावतो!"

*

रोज सकाळी माती ओली. मी तर पाणी घातलेलं नाही! दाराआड बसलो. नाना पाण्याचा मग घेऊन आले.

"बठ्ठं झाड सुकी जाई, आबा!"

"जाऊ द्या. घरी जा."

गेले. संध्याकाळी परत आले, लहान मग घेऊन!

*

दुसऱ्या बाजूच्या मालतीवहिनी तांब्या ओतून हळदकुंकू वाहायच्या. "वास येतो, म्हणजे देवाचंच असणार."

मी म्हणालो, "देवाचं आहे तर देव घालेल पाणी."

दुसऱ्या दिवशी दोन तांबे ओतले. "एक माझा, एक देवाचा!"

*

खालची पानं काळी पडली. माझं बसणं संपलं. चहा दोन घोटात, पेपर उंबऱ्यावर, कडी वाजली की मी उभा. शेवटी पाटी लावली : 'पाणी घालू नये.'

नानांनी चष्मा लावून वाचली आणि हातातला मग दाखवला. "म्हणीसन तर ताक आणं!"

*

उन्हाळ्यात बायकोने अंगणात उडदाचे पापड घातले. नाना मग घेऊन भिंत ओलांडू लागले. ही लाटणं घेऊनच उठली.

"नाना, एक थेंब पापडावर पडला तर बघा!"

मला कधी न भ्यालेला माणूस मागच्या पावली घरी गेला.

*

मुलगी यायला आठवडा होता आणि असोद्याला पुतणीचं लग्न निघालं. बायको गुडघ्यामुळे येणार नव्हती. निघताना म्हणालो, "कुंडीकडे बघ जरा."

"मला काय करायचंय तुमच्या झाडाशी!"

मांडवात डोळ्यांसमोर नानांचा मग. पंगतीत बसलो, उठलो. भाऊबंद म्हणाले, "बस ना रे भो, नवरदेव तू शे का?" हळदीला होतो, अक्षता टाकल्या, आणि मिळाली ती बस धरली.

घरी येऊन मागचं दार उघडलं. पाय ठेवायला जागा नव्हती. खाटांवर पापड, चादरींवर पापड, जुन्या धोतरावर पापड. मधोमध कुंडी. भिंतीपलीकडे नाना, हातात भरलेला मग, नुसते उभे.

कडेकडेने जाऊन मातीत बोट घातलं. कोरडी. शेंड्याला बोटभर नवी फूट.

"एवढे पापड कोणासाठी?" मी विचारलं.

बायकोने वर पाहिलं नाही. लाटणं चालूच.

"लवकर आले? मी तर पोरगी येईपर्यंतचं पीठ दळून आणलंय."