बाजरीतला खंडोबा

नगरच्या शामकांत मास्तरांनी घरातले देव हद्दपार केले, पण आई वारल्यावर. आई होती तोवर त्यांची सगळी बंडखोरी शाळेच्या वर्गातच चालायची.

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शिवाजी महाराज आणि पेशवे सगळेच शिकवतात, मास्तरांचा जीव मात्र कॉन्स्टँटिनोपलवर. हजार वर्षं टिकलेलं ते बायझंटाईन राज्य, धुपाने आणि दिव्यांनी भरलेली तिथली चर्चं, आणि त्यातही ते सम्राट, ज्यांनी येशू-मरियमच्या तसबिरींची पूजा बंद करून त्या भिंतीवरून खरवडून काढल्या. बाया रस्त्यावर उतरल्या, संन्याशांनी मार खाल्ला, तरी सम्राट हटले नाहीत, हे सांगताना मास्तरांची छाती फुगायची. मुलं तेवढ्यात एक डुलकी काढून घ्यायची.

एका रविवारी मास्तरही सम्राट झाले. खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे फडक्यात बांधले आणि बायकोच्या हातात दिले.

"गुरवाकडे देऊन ये. पुन्हा या घरात मूर्ती दिसली, तर मी स्वतः सीना नदीत नेऊन टाकीन."

सुनीतीबाई "बरं" म्हणाल्या. पुढच्या दाराने गेल्या, बोळाला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत आल्या. देव बाजरीच्या डब्यात गेले.

लढाईचे दिवस होते, धान्य रेशनवर. महिनाअखेर आली की बाजरी खाली जायची आणि बाळकृष्णाचं डोकं वर यायचं. मग सगळ्या देवमंडळींचा मुक्काम डाळीच्या डब्यात. मास्तर शाळेला गेले की डबा उघडायचा, चिमूटभर साखर दाखवायची, मनातलं काय ते बोलायचं आणि झाकण लावायचं. हा कारभार दोन वर्षं बिनबोभाट चालला. खंत एकच होती, चंपाषष्ठीची. त्या दिवशी खंडोबाची तळी भरतात. ताटात खोबरं आणि भंडारा घेऊन पाच पुरुष ते ताट उचलतात आणि येळकोट करतात. हे काम बायकांनी करायचं नव्हे, आणि कुजबुजत करायचं तर मुळीच नव्हे. दोन चंपाषष्ठ्या मुक्याने गेल्या आणि तिसरी तोंडावर आली, तशी सुनीतीबाईंना जेवण गोड लागेना.

वर्गात कुणी ऐकत नाही, तेव्हा मास्तर घरी जेवताना बोलायचे. सुनीतीबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या. मार्गशीर्ष लागला त्या दिवशी मास्तरांनी थिओडोरा राणीची गोष्ट काढली. सम्राट थिओफिलस तसबिरींचा वैरी, आणि खुद्द त्याची राणी आपल्या महालात त्या लपवून पुजायची! एकदा ती तसबिरींचे मुके घेत असताना राजाचा विदूषक अचानक आत आला. राणी म्हणाली, या माझ्या बाहुल्या. त्या गाढवाने भर जेवणात राजाला ते सांगितलं. राजा तणतणत आला, तर राणी म्हणते कशी, अहो, मी आणि दासी आरशात बघत होतो, त्या येड्याला आमचीच तोंडं बाहुल्या वाटली.

"आणि राजाला पटलं?" सुनीतीबाईंनी विचारलं. तव्यावरची भाकरी करपत होती.

"पटलं. मूर्ख होता," मास्तर म्हणाले आणि ताक ओरपलं.

मास्तरांची आणखी एक सुधारणा अशी, की घरात सोवळंओवळं नाही. भांडी घासणारी छबूबाई खुशाल स्वयंपाकघरात यायची. तशी ती आली, आणि सुनीतीबाईंना डब्यात वाकून बोलताना तिने पाहिलं. ती तशीच बाहेर धावली. मास्तर अंगणात पेपर वाचत बसले होते. शाळेला सुट्टी आहे हे सुनीतीबाई विसरल्या होत्या.

"मास्तर, बाईंस्नी कुनाला तरी दाखवा," छबूबाई म्हणाली. "डब्यातल्या भावल्यांसंगं बोलत्यात. साखर बी चारली. म्या डोळ्यांनी पाह्यलं!"

मास्तर पेपर टाकून आत आले. "कसल्या बाहुल्या?"

सुनीतीबाईंनी झाकणावर हात दाबून धरला. आता सीना, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पण तोंड निराळंच बोललं.

"बाहुल्या कुठल्या? छबूबाईने डबा असा लखलखीत घासलाय, की मी आपली त्यात तोंड बघत होते. तिला वाटली बाहुली."

"घासला म्याच हाय, चिंच लावून," छबूबाई म्हणाली आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका घेत उभी राहिली.

मास्तर ओरडायला तोंड उघडून तसेच थांबले.

"विदूषकाचं नाव काय?"

"डेंडेरिस."

"सम्राटाचा बाप?"

"मायकेल. तोतरा म्हणायचे त्याला."

मास्तरांच्या कपाळावरची आठी राहिली, पण मिशी हलली. इतक्या वर्षांत एकाही मुलाला बाप सांगता आला नव्हता.

"आता शेवट सांग."

सुनीतीबाईंनी डबा पोटाशी ओढला.

"येत नाही?"

"येतो. पण मला नाही सांगायचा." तरी त्या सांगतच सुटल्या. "राजा मेला, मग राणीने देव बाहेर काढले. मिरवणूक निघाली, अजून दरसाल निघते म्हणालात. मला तसला सण नको. तुमच्या देखत निघाले तर निघाले, नाहीतर बाजरीत राहू देत जन्मभर. डब्यात तोंड घालून मी रोज काय सांगत होते, ऐकायचंय? आधी ह्यांना सांभाळ, तुझं मग बघू."

मास्तर खिडकीशी गेले. बाहेर बघण्याजोगं काही नव्हतं. मग ते छबूबाईकडे वळले.

"छबूबाई, आसाराम घरी आहे?"

"हाय की. त्याला काय हुतंय?"

"चंपाषष्ठीला सकाळी ये म्हणावं नवऱ्याला. आणखी तिघं आण म्हणावं." मग बायकोकडे न बघता ते म्हणाले, "इतिहासाच्या माणसाने चालीरीती जवळून बघाव्यात."

चंपाषष्ठीला मास्तर चार जणांबरोबर पाटावर बसले ते बघायलाच. पण ताटाची कड हातात आली, भंडारा उधळला, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. शेजारचे दारात येऊन बघायला लागले. सुनीतीबाई आत भरताची वांगी सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. खरं सांगायचं तर देव बाहेर आले त्यापेक्षा, तो आवाज एवढा धडधाकट आहे, याचाच त्यांना आनंद झाला.