साडूंची सरकती बेटं

पायाखालची जमीन जागच्या जागी आहे, यावर विश्वास नसलेला उभ्या वऱ्हाडात एकच माणूस होता आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. साडू मोजणी खात्यात खलाशी, म्हणजे साहेबांची यंत्रं वाहून नेणारे आणि खुणा ठोकणारे मदतनीस होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते एका तुकडीबरोबर अंदमानला गेले. वरून उपग्रह जाई, त्याचे रेडिओ-संदेश यंत्र टिपून घेई आणि त्यावरून बेटावरच्या एका खडकाची जागा ठरवली जाई. खडकात पितळी खूण ठोकली होती ती साडूंनी. धनुष्यासारखी वाकलेली ती बेटांची रांग वर्षाला बोटभर सरकते का, हे काही वर्षांनी पुन्हा मोजून पाहायचं होतं.

निवृत्त होऊन साडू आमच्या गावी किन्हीराजाला आले आणि ती सगळी बेटं आमच्या डोक्यावर आली. कारंज्याच्या एका लग्नात त्यांनी पत्रावळीवर बुंदीची कमान मांडली आणि तिच्याखाली वरणाचा समुद्र लोटून दाखवला. वाढपी भाताचं पातेलं धरून ताटकळला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना म्हणाले, "जमीनच सरकून राह्यली, तुमी कायले भांडता?" भावांनी आपलं भांडण सोडून साडूंनाच धरलं. मी शाळेत शिकवून थकून यावं, तर हे ओट्यावर हजर. ऐकून ऐकून मला बेटं पाठ झाली.

मग एक दिवस त्यांच्या जुन्या साहेबांचं पत्र आलं. दुसरी मोजणी निघाली होती, पण रान माजल्यामुळे खूण सापडत नव्हती. गावाने चालवलेली त्यांची थट्टा थांबली. गुडघे धरून चालणाऱ्या साडूंना मी जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं.

दोन महिन्यांनी ते परतले तेव्हा पारावर माणसं जमली. खूण त्यांनी तिसऱ्याच दिवशी शोधून दिली होती. पण दोन मोजण्यांतला फरक इतका थोडा निघाला, की तेवढी चूक यंत्राचीही असू शकते, असं साहेब म्हणाले. साडूंना खोटं सांगता आलं असतं. "सरकलं का नाही, सांगता येत नाही," एवढंच बोलून ते घरी गेले. कोणी हसलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी बेटांचं नाव काढलं नाही. ओटा शांत झाला. इतकी वर्षं हवी असलेली ती शांतता मला सोसेना. शेवटी एका संध्याकाळी मीच विषय काढला.

"तुमीच सांगा, गुरुजी," ते म्हणाले. "मले आता थकवा येते."

मी सांगू लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते. एके ठिकाणी मी मुद्दाम चुकलो. त्यांनी दुरुस्त केलं नाही.