सुमन वहिनीची बाही

परवा शेजारच्यांच्या टीव्हीवर एक नटवी बाई सांगत होती, की मोठी ड्रेस डिझायनर व्हायचं तर कल्पना लागते, मेहनत लागते, कापडाची जाण लागते. मला असा संताप आला! म्हटलं, बाई गं, एकदा मोहाडीला ये. आमच्या सुमन वहिनीकडे हे सगळं पोत्यानं भरलेलं आहे. तिला भेट आणि मग सांग काय लागतं ते.

मी सत्यभामा, तिची नणंद. नणंद असून वहिनीची बाजू घेते म्हणून माझी माय, जनाबाई, मला उलट्या काळजाची म्हणते. म्हणू दे. खरं ते मी बोलणारच.

वहिनी साकोलीची. चौऱ्याहत्तर साली माझ्या भावाशी, तेजरामशी, लग्न होऊन आली तेव्हा आंदणात शिलाई मशीन घेऊन आली. भांडी मात्र मोजकीच. त्यावरून मायनं वर्षभर तिला टोचून खाल्लं. तेजराम तहसील कचेरीत चपराशी. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. बायको दिवसभर काय शिवते याचा त्याला पत्ताच नसायचा.

आता आमच्या गावची रीत ऐका. ब्लाउज शिवायचा तर बाई स्वतः येऊन माप देत नाही. जुना ब्लाउज पिशवीत घालून पाठवते, तेच माप. वर निरोप, "अस्साच शिवजो." गळा असाच, बाही अशीच. सासूचा ब्लाउज तसाच सुनेचा, सुनेचा तसाच तिच्या लेकीचा. वहिनी हळूच विचारायची, "थोडी बाही बदलून पाहू का?" की बाया दचकायच्या. "नको बापा! लोक काय म्हणतीन?" लोकांना दुसरा धंदा नव्हता जणू, सगळे हिच्या बाहीकडेच डोळे लावून बसलेले!

पण वहिनीच्या डोक्यात बाह्यांशिवाय दुसरं काही नसायचं. जुन्या पेपरच्या बाह्या कापायची, शितानं चिकटवायची आणि माझ्या हातात चढवायची. "हात वर कर, सत्या. आता खाली कर. आता कुंकू लावल्यासारखं कर." मी त्या कागदात अवघडून उभी राहायची आणि मायच्या शिव्या खायची.

एकदा मी विचारलं, "तुले पायजे तरी काय, वयनी?"

ती दातानं दोरा तोडत म्हणाली, "एक दिवस कोणी बाई दुसऱ्या गावाहून याले पायजे. आन म्हणाले पायजे, मले सुमनबाईची बाही पायजे. बस्स. मंग मी मरायले मोकळी."

एवढंच मागणं होतं तिचं. बंगला नाही, मोटार नाही.

एकोणऐंशी साली योग आला. तहसीलमधल्या केवळराम बाबूंच्या ललिताचं लग्न ठरलं, नागपूरचं स्थळ. ललिता वहिनीवर जीव टाकायची. तिनं येऊन सांगितलं, "माझ्या लग्नाचा ब्लाउज तुम्हीच शिवा, आन तुमच्या मनाचा शिवा." तुमच्या मनाचा! पाच वर्षांत हे शब्द कोणी पहिल्यांदा काढले होते. वहिनीला त्या दिवशी भाजीत मीठ टाकायची शुद्ध राहिली नाही.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, ब्लाउजही पांढराच. मी म्हटलं, "पांढऱ्यात तू काय कला करशील? ना रंग, ना जर."

वहिनीचे डोळे चमकले. "म्हणूनच त! रंग नाही म्हंजे सारं कापण्यावर आलं."

आणि काय बाही केली म्हणून सांगू! खांद्यापासून कोपरापर्यंत बारीक बारीक चुण्या, एकीला एक खेटून. हात उचलला की उघडायच्या, खाली सोडला की मिटायच्या. खांद्यावर किंचित फुगा. खालच्या काठाला पांढऱ्याच दोऱ्यानं धानाच्या लोंबीचं काम. लांबून साधी पांढरी बाही, जवळ आलं की नजर हटत नाही. तिनं ती माझ्या हातात चढवली तेव्हा मी आरशासमोरून हलेना. नागपूरचं अख्खं वऱ्हाड ती बाही बघणार होतं आणि विचारणार होतं, ही कोणी शिवली?

लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज तयार झाला. वहिनीनं तो खुंटीला टांगला आणि हुक संपले म्हणून सकाळीच बाजारात गेली. मी तिच्यासोबत. दोन हुक लावायचे राहिले होते, बाकी सगळं झालेलं.

दिवस कलता परत आलो तर खुंटी रिकामी.

आता मायबद्दल सांगायला पाहिजे. माय छप्पन्न साली पांढरी साडी नेसून दीक्षेला गेलेली. तेव्हापासून पांढऱ्या कपड्यावर तिचा असा जीव, की काय बोलावं! आपल्या माणसाच्या पांढऱ्या कपड्याला कोणी बोट लावून मळकट म्हणता कामा नये, हा तिचा हट्ट. घरातलं पांढरं चिरगूटसुद्धा निळीच्या पाण्यातून निघायचं, मग भाताच्या पेजेची खळ, मग कोळशाची इस्तरी. कपडा असा कडक व्हायचा की भिंतीला टेकून उभा राहील. साऱ्या वस्तीत मायच्या खळीचं नाव होतं.

माय अंगणात हात पुसत उभी होती. चेहरा नुसता फुललेला. "सुमन, किती चुरगळला होता वो तुझा ब्लाउज! साऱ्या बाहीवर सुरकुत्या. नवरीले असा देतेत का? मी चांगली दाट खळ दिली, दाबून दाबून इस्तरी केली. एक सुरकुती नाही ठेवली. हुकपण लावले घरचे. आन देऊन आली ललिताच्या घरी."

वहिनी जागच्या जागी खाली बसली. मी मायवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. माय बिचारी गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत राहिली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या कामाला हात लावला होता, तोही मायेनं. भांडणार तरी कसं?

वहिनी उठली आणि पळत ललिताच्या घरी गेली. मी मागं. ललिताच्या आईनं ब्लाउज ताटात ठेवून चार बायांना दाखवायला मांडला होता. "काय कडक झाला वो सुमन! पुठ्ठ्यासारखा! जनाबाईचा हातच येगळा." वहिनी म्हणाली, "एक डाव पाण्यातून काढून देते, चुण्या..." तिला पुढं बोलूच दिलं नाही कोणी. सकाळी लग्न, तो वाळणार कधी? बायांनी ताट उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी ललिता मांडवात उभी राहिली. बाह्या पाटीसारख्या सपाट. लोंबीचं काम खळीखाली गडप. नागपूरच्या बायांनी जेवणाची तारीफ केली, मांडवाची केली, साडीची केली. बाहीबद्दल अवाक्षर नाही. वहिनी दिवसभर वाढत होती. मायला मात्र तिनं एक शब्द बोलून दाखवला नाही. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

वर्षभरानं ललिता माहेरपणाला आली, ती हसतच. "वयनी, माहीत हाय का? नागपूरले ब्लाउज धुतला आन साऱ्या चुण्या उघडल्या! शेजारच्या बाया पागल झाल्या. एकीनं तर माप म्हणून नेला आपल्या टेलरकडे. त्यानं तशी बाही शिवली, मंग दुसरीनं शिवली. आता सारेच शिवून राहिले."

मी विचारलं, "तू सुमन वयनीचं नाव सांगितलं का?"

"नाव? टेलर कायले नाव विचारते?"

घ्या! ती भोळी, तिला वाटलं आनंदाची बातमी आणली. वहिनी म्हणाली, "चांगलं झालं." आणि मशीनवर बसून कोणाचा तरी अस्साच ब्लाउज शिवायला लागली.

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. कवडू गुरुजींची मंदा, कॉलेजात जाणारी पोरगी, पिशवी घेऊन वहिनीकडे आली. चुलत बहिणीच्या लग्नात घालायला ब्लाउज पाहिजे होता. पिशवीतून तिनं मावसबहिणीचा ब्लाउज काढला, राणी रंगाचा. खांद्यापासून कोपरापर्यंत चुण्या. मागच्या गळ्याच्या आत नागपूरच्या टेलरच्या नावाची छापील चिठ्ठी.

"काकू, ही नागपूरची नवीन फॅशन हाय. तुमाले जमन का?"

मी ताडकन उठले. "अगं बयो, ही बाही इथूनच..."

वहिनीनं माझा हात दाबला. "जमन," म्हणाली.

तिनं शिवला. मूळ बाहीसारखा शिवला, नागपूरच्यासारखा नव्हे. त्यांनी लोंबी गाळली होती, हिनं परत घातली. मंदानं घालून पाहिला, आरशात वळून वळून पाहिला. "छान हाय काकू. पण नागपूरसारखा नाही आला." मग लाडात येऊन म्हणाली, "एक काम करा ना. त्याच्यावरची चिठ्ठी काढून याच्या मानेले लावून द्या. बाया उलटून पाहतेत."

वहिनीनं कात्री घेतली, चिठ्ठी उसवली आणि मंदाच्या हातावर ठेवली. "काढून देते. लावून नाही देत."

मंदा फुरंगटून गेली. मला वाटलं, चला, एवढं तरी बोलली!

लग्नात आम्ही पंगतीची वाट बघत उभ्या होतो. मंदाभोवती बायांचा घोळका. एकीनं तिची मान वाकवून ब्लाउज उलटून पाहिला. "नागपूरचा हाय! तरीच म्हणलं. आपल्याइकडे अशी बाही कोण शिवते?" दुसरी म्हणाली, "आन काठाले लोंबी त पाहा, कशी काढली!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पुढं जाणार, तेवढ्यात वहिनी वाकून ती मान बघायला लागली.

"चिठ्ठी वाकडी लावली पोरीनं," ती म्हणाली, आणि पंगतीत जागा धरायला गेली.