आज्जींचा रिकामा डबा

मंडळी, या कम्युनिटीवर भांडण नको म्हणता, पण आज डोकं फिरलंय. लिहितोच.

आमच्या गल्लीत तानूआज्जी एकट्याच राहतात. गुडघे गेलेत, स्वयंपाक होत न्हाय. म्हणून आम्ही सात घरांनी वार वाटून घेतलेत. ज्याचा वार, त्याच्या घरचा डबा. दोन वर्षांत एक वार चुकला न्हाय, याचा मला लई अभिमान होता.

आज माझा वार. डबा घेऊन गेलो तर आज्जी जमिनीवर पडलेल्या. शेजारी उलटं स्टूल, सगळीकडं साखर, मनगट सुजून टम्म.

"आज्जी, स्टुलावर कशाला चढलासा?"

"समोरच्या वहिनींचा कालचा डबा परत द्यायचा हुता. रिकामा कसा देऊ बाबा?"

गेल्या आठवड्यात एकदा रिकामा गेला, तर त्या वहिनी नळावर चारचौघींत म्हणाल्या म्हणे, "आज्जींचा डबा मोकळाच आला की!"

आज्जींच्या हाताला प्लास्टर घालून आणलं आणि तडक वहिनींच्या दारात गेलो. म्हणाल्या, "अहो, मी गमतीनं म्हटलं." गंमत? त्या गमतीनं म्हातारीचा हात मोडला, असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुनावून आलो.

घरी आलो आणि आठवलं. आमचा डबाही दर वेळी गुळाचा खडा, नायतर मूठभर शेंगा घेऊनच यायचा. दोन वर्षं कौतुकानं खाल्लं. चालता न येणारी बाई ते कुठल्या फळीवरनं काढते, एकदाही विचारलं न्हाय.

वहिनींना मी सुनावलं. मला कोण सुनावणार? तुम्हीच सुनावा.